वीस डोकी आणि एक कवी

स्टोअरकाकांना कवितेतून काय मिळणार होतं ते आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर पुढे कोणाला वाटायचं की माणूस साहित्याच्या नादाने वाया गेला. मिळणार होती एक खुर्ची, तीही बिनहातांची. समोर खिडकी, खिडकीबाहेर सायकली लावायचा स्टँड, डोक्यावर रेग्युलेटरला न जुमानणारा पंखा, आणि अकरा ते पाच तिथे बसून राहिलं तर "इथे का बसलात?" असं कोणी विचारणार नाही याची हमी. कवितेने आजवर माणसांना याहून मोठमोठी आश्वासनं दिली आहेत, पण इतकं थोडं तिच्याकडे कोणी मागितलं नसेल.

ही खुर्ची इमारतीच्या तळमजल्यावरच्या खोलीत होती. खोलीवर 'सामाजिक कक्ष' अशी पाटी होती आणि आत घडीच्या खुर्च्या, टेबल टेनिसचं अर्धं टेबल आणि कोणाच्या तरी जुन्या गाद्या असा समाज नांदत होता. काका बांधकाम खात्याच्या स्टोअरमधून निवृत्त झालेले. किल्ली सांभाळायची सवय, म्हणून खोलीची किल्ली त्यांच्याकडे आली होती. ते स्वतः चौथ्या मजल्यावर मुलाकडे राहत. बाहेरची खोली काकांची. तीच सूनबाईंची कचेरी. अकरा वाजले की सूनबाई कॉम्प्युटर उघडून लांबलांबच्या गिऱ्हाइकांच्या तक्रारी ऐकायला बसायची, आणि सोफ्यावरचे काका त्या गिऱ्हाइकांना तिच्या खांद्यामागे दिसायचे.

"बाबा, जरा फ्रेमच्या बाहेर," ती हळू म्हणायची.

सूनबाई वाईट नव्हती. वाईट असती तर भांडता तरी आलं असतं. फ्रेमच्या बाहेर म्हणजे स्वयंपाकघर, तिथे ओट्यापुढे एकालाच उभं राहता येतं, किंवा आतली खोली, आणि मुलाच्या-सुनेच्या पलंगावर बापाने दिवसभर बसायचं नसतं एवढं काकांना काकू गेल्यावरही कळत होतं. म्हणून ते खाली यायचे. पेपर वाचायचे, डुलकी काढायचे, सायकली मोजायचे. पाच वाजता वर जायचे, जणू ऑफिसातूनच आले.

असं छान चाललं होतं, आणि सोसायटीची सभा भरली.

चेअरमनांचा टाइल्सचा धंदा होता. रिकामी जमीन दिसली की त्यांच्या पोटात दुखायचं. "एक कुरियर कंपनी विचारतेय," ते म्हणाले. "पार्सलं ठेवायला खोली हवी आहे. आपली पडूनच आहे."

"पडून नाही," काका म्हणाले.

"मग काय चालतं तिथे?"

इथे काकांनी दोनच शब्द बोलायचे होते: मी बसतो. शब्द गळ्यापर्यंत आले आणि तिथेच ठाण मांडून बसले. कारण शेजारच्या खुर्चीवर मुलगा होता. बापाला घरात बसायला जागा नाही असं चारचौघांत म्हणणं म्हणजे पोटच्या पोराचं नाक कापणं. तेव्हा काकांनी तोंड उघडलं आणि त्यातून भलतंच बाहेर पडलं.

"काव्यवाचन."

स्टोअरमधल्या अनुभवावरून त्यांना ठाऊक होतं की ज्या मालाला मागणी नसते त्याचा साठा कोणी तपासत नाही. पण चेअरमन तपासणाऱ्यांपैकी निघाले.

"कोणाचं?"

मागच्या रांगेतल्या विमेवाल्याने डोळे मिटले आणि घसा साफ केला. हा गृहस्थ मागल्या वार्षिक सभेत लेखापरीक्षणाच्या आधी स्वतःच्या नऊ कविता वाचून गेला होता आणि जखम अजून ओली होती. काका घाईघाईने म्हणाले, "बाहेरगावचे कवी. पाहुणे. दर महिन्याला एक."

सभा सुटकेचा निःश्वास टाकून काकांच्या बाजूने झुकली. चेअरमन व्यवहारी माणूस. त्यांनी तिथल्या तिथे ठराव केला: चार महिने, दर महिन्याला एक कवी, तो बाहेरचाच हवा, आणि श्रोते विसाच्या खाली नकोत. "डोकी मी स्वतः दारात उभा राहून मोजीन. एक जरी कमी भरलं तरी पुढल्या महिन्यापासून कुरियर."

घरी जाताना मुलगा म्हणाला, "बाबा, तुम्हाला कवितेची आवड आहे हे आम्हाला माहीतच नव्हतं."

"मलाही," काका म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून सल्ले सुरू झाले. काही फुकट मिळालं की माणसं शंका घेतात, पण देताना मात्र हात आखडत नाहीत. दुसऱ्या मजल्यावर एक निवृत्त मुख्याध्यापिका होत्या, त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत. त्या म्हणाल्या, "कवीला चहा नंतर द्या. आधी दिलात तर तो मनोगत सांगायला लागतो." विमेवाला म्हणाला, "पाहुण्या कवीच्या आधी एखादा स्थानिक कवी लागतोच. वातावरणनिर्मितीसाठी." वॉचमनने फक्त विचारलं, "कवी गाडी कुठे लावणार?"

"कवीकडे गाडी नसते रे."

"मग त्याला ऐकायला कोण येणार?"

वॉचमनच्या प्रश्नाने काकांची झोप उडाली, कारण सगळ्या इमारतीत तेवढाच एक मुद्द्याचा प्रश्न होता.

मध्येच पालिकेची परवानगी निघाली. निघाली म्हणजे मिळाली नाही, ती लागते असं निघालं. खिडकीमागच्या बाई कॉम्प्युटरकडे बघत म्हणाल्या, "प्रकार सांगा. लग्न, धार्मिक, क्रीडा, विक्री."

"काव्यवाचन."

"ते यात नाही. धार्मिक करू?"

"देवाचं काही नाही त्यात."

"विक्री?"

"कवितेची? अहो, फुकट ऐकायला माणसं मिळेनात."

"मग क्रीडा किंवा लग्न. लग्नाला अग्निशमनवाले लागतात."

तेव्हा काव्यवाचन क्रीडेत बसलं. क्रीडेची अट अशी की जागेवर प्रथमोपचाराची पेटी हवी आणि एक डॉक्टर हजर हवा, खेळाडू जखमी झाला तर. काकांनी युक्तिवाद केला नाही. सरकारी नोकरी केलेल्या माणसाला एक कळतं, की तुमचं काम चुकीच्या खणात का होईना पण गेलं, तर ते तिथून बाहेर काढू नये.

आणि डॉक्टर शोधायला काका पहिल्या मजल्यावरच्या डेंटिस्टकडे गेले. इथे सगळं बिघडलं.

"येतो की," डेंटिस्ट म्हणाला. "दात काय, डोकं काय, डॉक्टर तो डॉक्टर. शनिवारी आमच्या मुलीचं व्हायोलिन आहे हो, क्लासात. कोणी येत नाही ऐकायला. तुम्ही आलात तर तिला बरं वाटेल."

दुसरा कोणी असता तर शेजारधर्म म्हणून हो म्हणून मोकळा झाला असता. पण काकांचा जन्म 'माल घेतला, व्हाउचर दिलं' यात गेलेला. त्यांना हा व्यवहार चोख वाटला, इतका की जिना चढताना भेटेल त्याला ते सांगत सुटले, "डॉक्टर कवितेला येतायत. मी त्यांच्या व्हायोलिनला जातोय." बाजार असाच उघडतो. कोणीतरी एक भोळा माणूस पहिला भाव मोठ्याने बोलतो.

संध्याकाळपर्यंत भाव सगळ्या मजल्यांवर पोचला. मोठ्या बाईंना सकाळी गच्चीवरच्या व्यायामवर्गाला माणूस कमी पडत होता. विमेवाल्याचं 'निवृत्तीनंतरचं निश्चिंत जीवन' यावर व्याख्यान होतं आणि पहिल्या रांगेत मान डोलावणारा एक प्रत्यक्ष निवृत्त माणूस हवा होता. तिसऱ्या मजल्यावरच्या बँकेतल्या जोडप्याच्या घरी म्हातारी सासू एकटी असायची. "दुपारी जरा बसाल का तिच्यापाशी? आम्ही दोघंही येऊ कवितेला. आमच्या ओळखीचं आणखी एक जोडपं आणू." चार डोकी एका सासूत. काकांना हा सौदा स्वस्त वाटला.

पहिला कवी टपाल खात्यात पत्रांची वर्गवारी करण्यात हयात घालवलेला. बरोबर कापडी पिशवी, पिशवीत 'खिडकी' नावाची एकच कविता, सत्तावीस भागांत. चेअरमन दारात बोट हलवत उभे. "एकवीस," ते म्हणाले. "पण यात कवी धरलाय."

"धराच," काका म्हणाले. "स्वतःची कविता तो ऐकतोच की."

"कवी ऐकत नाही, कवी म्हणतो. वीस."

वीस तर वीस. कवी म्हणू लागला. 'खिडकी ही भिंतीने केलेली चूक आहे' अशी सुरुवात होती आणि त्यानंतर प्रत्येक भागात ती चूक थोडी थोडी वाढत गेली. नवव्या भागाला डेंटिस्ट पुढे वाकला. काकांना वाटलं, कवितेने पकडलं याला. डेंटिस्ट त्यांच्या कानात म्हणाला, "वरची डावी दाढ गेलीय त्यांची." चौदाव्या भागाला मोठ्या बाईंनी पाण्याची बाटली अशी आपटून ठेवली की वर्गातली मुलं गप्प व्हावीत. कवी मात्र थांबला नाही. शेवटच्या भागानंतर टाळ्या इतक्या मनापासून पडल्या की कवीच्या डोळ्यांत पाणी आलं. "एवढे श्रोते," तो म्हणाला, "मला कुठे मिळाले नव्हते." काकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. कारण त्यातला एकेक श्रोता कसा आणि कशाच्या बदल्यात आला होता, हे त्या भल्या माणसाला कोण सांगणार.

सोमवारपासून वसुली सुरू झाली. पहाटे गच्चीवर हात वर, हात खाली. त्यानंतर कोणाची शिडी धर, कोणाच्या गॅसवाल्याची वाट बघ. बारा वाजता तिसऱ्या मजल्यावर सासूबाई. त्यांना ऐकू कमी यायचं आणि बोलायचं फार असायचं. त्या आपल्या दोन्ही गुडघ्यांची चरित्रं आलटून पालटून सांगायच्या, आणि मध्येच थांबून विचारायच्या, "तुम्ही नळवाले ना?" पहिले काही दिवस काकांनी खुलासा केला. मग त्यांनी एकदा गळका नळच दुरुस्त करून दिला आणि विषय संपवला. शनिवारी व्हायोलिन, संध्याकाळी व्याख्यान. विमेवाला पडद्यावरच्या हसऱ्या म्हाताऱ्याकडे बोट दाखवून म्हणे, "निवृत्तीनंतर माणसाला काय हवं असतं?" आणि पहिल्या रांगेतले काका, करार असल्यामुळे, मान डोलवत.

खालच्या खोलीला दिवसभर कुलूप. किल्ली काकांच्या खिशात खुळखुळत गच्चीवर जायची, तिसऱ्या मजल्यावर जायची, सगळीकडे जायची, फक्त कुलपापाशी जायची नाही.

"बाबा, हल्ली किती बिझी असता तुम्ही," सूनबाई कौतुकाने म्हणाली. "मला तर सांगावंच लागत नाही आता काही."

दुसऱ्या महिन्याची कवयित्री औषधाच्या दुकानात काम करणारी. ती दोन ओळींमध्ये इतका वेळ गप्प राही की श्रोते कविता संपली असं समजून टाळ्या वाजवत. एका कवितेत चारदा टाळ्या पडल्या. ती खूश झाली आणि जाताना म्हणाली, "मग तुम्ही कितीजण येताय?"

"कुठे?"

"आमच्याकडे. आमचंही वाचन असतं, आमच्या हॉलमध्ये. मी आले ना तुमच्याकडे? आमच्या अध्यक्षांना पंधरा लागतात. तुम्ही सहा आणा, बाकीचे मी बघते."

काकांनी तिच्याकडे निरखून पाहिलं. तिच्याही डोळ्यांखाली काळं आलं होतं.

सहा माणसं बसमध्ये घालून परगावी कविता ऐकायला न्यायची, म्हणजे भाव दुप्पट झाला. डेंटिस्टने व्हायोलिनची अख्खी परीक्षा लावली. मोठ्या बाईंनी व्यायामवर्ग आठवड्यातून सहा दिवसांवर नेला. एकटा विमेवाला काही न मागता आला. बसमध्ये काकांच्या शेजारी बसून जाता-येता स्वतःच्या कविता ऐकवल्या, आणि उतरताना म्हणाला, "फिटलं." व्यवहारात खरा माणूस तो एकच.

तिसऱ्या महिन्याचा कवी रागीट होता. त्याने श्रोत्यांना लाचार म्हटलं, ढोंगी म्हटलं, मध्यमवर्गाच्या सोफ्यावर वाढलेली बुरशी म्हटलं. श्रोते शांतपणे बसले होते. पण दुसऱ्या दिवशी मोठ्या बाईंच्या नेतृत्वाखाली शिष्टमंडळ आलं.

"ऐकायचं ठरलं होतं," मोठ्या बाई म्हणाल्या. "शिव्या खायचं ठरलं नव्हतं. त्याचा भाव वेगळा."

"आणि एक विचारायचं होतं," बँकेतली सून म्हणाली. "सासूबाईंना आता तुमची सवय झालीय. बारा ते तीनच्या ऐवजी अकरा ते पाच बसाल का? तुम्हाला तरी दुसरं काय काम?"

काका म्हणाले, "नाही, काम असं काही नाही." रागीट कवीने जे सगळ्यांना मिळून म्हटलं होतं, त्यातलं पहिलं विशेषण आपल्या एकट्याचं होतं असं त्यांना त्या क्षणी वाटून गेलं.

चौथ्या महिन्याची कवयित्री म्हणजे दवाखान्यात नर्स म्हणून आयुष्य काढलेली एक वयस्क बाई. तिची बस लवकर पोचली, म्हणून काकांनी कितीतरी दिवसांनी भर दुपारी खोली उघडली. धूळ बसली होती. बाईंनी न विचारता फडकं घेतलं आणि दोघं मिळून खुर्च्या पुसू लागले.

"इथे एरवी कोण बसतं?" तिने विचारलं. "खिडकीपाशी एकच खुर्ची आहे, आणि तिच्यासमोर फरशी पाय टेकून झिजलीय."

"मी बसायचो."

"मग आता?"

आणि काकांनी, का कोण जाणे, त्या परक्या बाईला सगळं सांगितलं. सोफा, सूनबाई, कुरियर, टाळ्या. ती फडकं झटकत ऐकत होती. दवाखान्यात लोकांची गाऱ्हाणी ऐकायची सवय असावी.

"म्हणजे बसायला जागा हवी होती," ती म्हणाली.

"हो."

"मग तसं म्हणायचं ना."

"असं कसं म्हणणार? मुलगा शेजारी बसला होता."

"मुलालाच म्हणायचं."

"तो वाईट नाही हो."

"मी कुठे वाईट म्हटलं?" बाई म्हणाली. मग ती खिडकीपाशची खुर्ची पुसू लागली. "माझी कविता ऐकायला जे येतील, त्यांचं तुम्हाला काय काय करावं लागणार आहे?"

काकांनी सांगितलं. ती खुर्चीवर बसली. "मग मी लहानच वाचते," म्हणाली.

तिने खरोखरच दोनच कविता वाचल्या. त्यातली एक रात्रपाळीच्या पेशंटवर होती, जो दर तासाला घंटा वाजवायचा आणि नर्स आली की म्हणायचा, काही नको, चुकून वाजली. काकांनी चार महिन्यांत ऐकलेली ही पहिली कविता. बाकीच्या वेळी ते डोकी मोजत होते. या वेळीही ऐकताना मध्येच त्यांनी मोजली, वीस भरली, आणि नेमकी शेवटची ओळ त्यांच्या हातून सुटली.

"एवढंच?" डेंटिस्ट म्हणाला. "मी तर रात्र होईल म्हणून गरम कपडे घालून आलो होतो."

पुढच्या आठवड्यात सभा भरली. चेअरमन उभे राहिले. त्यांच्या हातात कसलाही कागद नव्हता, पण चेहरा ठराव केलेला होता.

"काकांनी शब्द पाळला," ते म्हणाले. टाळ्या. "खोली आता कवितेची. दर महिन्याला संध्याकाळी सातला, कायम. आणि काका तहहयात संयोजक. पाहुणा कवी आणि वीस श्रोते, ही प्रथा मोडायची नाही." आणखी टाळ्या. "राहता राहिला दिवसाचा प्रश्न. मी गेले चार महिने बघतोय. अकरा ते पाच खोलीला कुलूप असतं. कुरियरवाल्यांना नेमकी तीच वेळ हवी आहे. ते पाचला पार्सलं उचलून जागा रिकामी करून देतील. कवितेला धक्का नाही, सोसायटीला भाडं. कोणाची काही हरकत?"

 काकांनी मुलाकडे पाहिलं. मुलाच्या चेहऱ्यावर अभिमान होता, तसा तो शाळेत काकांना प्रगतिपुस्तक दाखवतानाही कधी दिसला नव्हता.

"बाबांची कसली हरकत," मुलगा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "त्यांना आता खाली येऊन बसायला वेळच कुठे असतो. दिवसभर लोकांची कामं. घरी आम्हाला दिसत नाहीत."

"काका, तुम्ही बोला," मोठ्या बाई म्हणाल्या.

ते दोन शब्द पुन्हा गळ्याशी आले होते. या वेळी ते अगदी जिभेवर होते. नर्सबाईंनी सांगितल्याप्रमाणे ते म्हणायचे आणि मुलालाच म्हणायचे, एवढंच होतं. काकांनी तोंड उघडलं. मुलगा त्यांच्याकडे बघून हसला.

"नाही," काका म्हणाले. "हरकत काही नाही. चुकून तोंड उघडलं."

आता हिशेब. टपालातल्या कवीला त्याच्या आयुष्यातली सर्वांत मोठी सभा मिळाली आणि तो अजून त्या संध्याकाळबद्दल पत्रं लिहितो. रागीट कवीला त्याला हवा तसा मध्यमवर्ग मिळाला. औषधवालीचे पंधरा भरले. मोठ्या बाईंचा वर्ग भरला, डेंटिस्टच्या मुलीला हमखास एक श्रोता लाभला, बँकेतल्या जोडप्याला निर्धास्त नोकरी करता आली, सासूबाईंना अकरा ते पाच हक्काचा नळवाला. सूनबाईंच्या गिऱ्हाइकांना मागे फक्त सोफा दिसू लागला. कुरियरला जागा, सोसायटीला भाडं, चेअरमनांना समाधान, मुलाला बापाचा अभिमान. पाचवा कवी ठरला आहे, त्याच्या वीस डोक्यांची बोलणी चालू आहेत आणि भाव चढा आहे. एवढ्या सगळ्यांचं कल्याण झालं त्याचं मोल कोणी भरलं, असं विचाराल, तर त्या दिवशी ठराव एकमताने मंजूर झाला होता, आणि बघणारे सांगतात की काकांचा हात इतरांपेक्षा थोडा आधीच वर गेला होता.